वाळूतली खतावणी

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे समुद्र नेहमीपेक्षा दूर सरतो. एरवी पाण्याखाली असणारे खडक, चिखलाचे पट्टे, वाळूचे उंचवटे उघडे पडतात. कोकणात याला सुकती म्हणतात. सुकती लागली की खाडीच्या तोंडाशी बायका उतरतात. कुणी चिखल उकरून तिसऱ्या वेचते, कुणी खडकाला घट्ट बसलेली कालवं लोखंडी हत्याराने फोडून आतला गर डब्यात जमवते, कुणी कपारीतले हिरव्या कवचाचे शिनाणे सोडवते. पाणी परत फिरायच्या आत पाटी भरायची असते, म्हणून तोंडापेक्षा हात जास्त चालतात. दुपारी घरात तिसऱ्यांची एकशिपी शिजते आणि रिकाम्या शिंपल्या परसात माडाच्या बुंध्याशी जाऊन पडतात.

त्या बुंध्याशी पडलेल्या शिंपल्या मला नेहमी महत्त्वाच्या वाटत आल्या आहेत. शिंपल्यातला जीव मेला की मांस काही दिवसांत संपतं, कवच मात्र मागे राहतं. ते कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुनखडीच्याच जातीचं असतं. लाटा त्याला घासतात, खेकडे फोडतात, बारीक जीव त्याला भोकं पाडतात. तरीही त्यातली बरीच कवचं गाळात गाडली जातात आणि तिथे शतकानुशतकं टिकतात. समुद्रतळाचा वरचा वीतभर गाळ चाळला तर गेल्या वर्षी मेलेला शिंपला आणि हजार वर्षांपूर्वी मेलेला शिंपला एकाच चाळणीत येऊ शकतात. जुन्या पेढीच्या खतावणीत जसे आजोबांच्या आणि नातवाच्या काळातले व्यवहार एकाच बाडात असतात, तसंच हे.

या खतावणीत किनाऱ्यावरच्या जिवांची नोंद आहे, तशी माणसाच्या व्यवहाराचीही आहे. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञ ती वाचायला शिकले. त्यातून पुढे आलेली सर्वांत मोठी गोष्ट अशी, की सुकतीला उतरून हाताने वेचणाऱ्या माणसांनी हजारो वर्षांत किनाऱ्याचं जेवढं नुकसान केलं, त्याहून कितीतरी जास्त नुकसान किनाऱ्यावर पाऊलही न ठेवलेल्या माणसांनी गेल्या दोनशे वर्षांत केलं आहे.

वाचायची रीत

रीत समजायला सोपी आहे. समुद्रतळाचा ठराविक गाळ उपसायचा आणि चाळायचा. जिवंत शंख-शिंपले एका बाजूला, रिकामी कवचं दुसऱ्या बाजूला. मग दोन याद्या करायच्या: जिवंतांत कोणत्या जाती किती, मेलेल्यांत कोणत्या जाती किती. किनारा फारसा बदललेला नसेल तर दोन्ही याद्या जुळतात. आज जी जात भरपूर आहे तिचीच कवचंही भरपूर सापडतात. याद्या जुळल्या नाहीत, म्हणजे कवचांमध्ये जिचा ढीग आहे ती जात जिवंतांत औषधालाही नाही, तर अलीकडच्या काळात तिथे काहीतरी घडलं आहे.

शिकागो विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञ सुझन किडवेल यांनी जगभरच्या किनाऱ्यांवरच्या अशा याद्या एकत्र करून २००७ साली त्यांची तुलना प्रसिद्ध केली. जिथे माणसाचा हात कमी पोहोचला होता तिथे जिवंत आणि मेलेल्यांचा मेळ चांगला बसत होता. जिथे सांडपाण्याने आणि खतांनी पाणी भरलं होतं किंवा जड जाळ्यांनी तळ खरवडला गेला होता, तिथे तो मोडला होता. याद्यांमधली तफावत हीच माणसाच्या दबावाची खूण ठरली.

कवच किती जुनं हेही काढता येतं. कार्बन-१४ मोजून त्याचं वय कळतं. शिवाय कवचात अडकून राहिलेली अमिनो आम्लं काळ जाईल तशी आपली रचना उजवी-डावी पालटत जातात. ती किती पालटली यावरून कवच कधीचं याचा अंदाज येतो. म्हणजे खतावणीत नुसत्या रकमा आहेत असं नाही, तारखाही आहेत.

हाताने वेचणारी माणसं

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मॉसेल बे नावाचं गाव आहे. ते नावच तिथल्या शिंपल्यांवरून पडलं. त्या गावाजवळच्या पिनॅकल पॉइंटच्या गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वीच्या थरांत माणसांनी खाल्लेल्या शिंपल्यांची कवचं सापडली. माणूस समुद्रकाठचं अन्न नेमाने खात होता याचा हा अतिशय जुना पुरावा. शेती सुरू व्हायला तेव्हा दीड लाखाहून अधिक वर्षं अवकाश होता. आपल्याकडे कच्छच्या आखाताकाठी द्वारकेजवळच्या नागेश्वर इथे हडप्पा काळातले कारागीर शंख कापून बांगड्या करत होते. शंख-शिंपल्यांशी माणसाचा संबंध इतका जुना आहे.

या जुन्या माणसांनी किनाऱ्यावर काही ओरखडा उमटवला का? उमटवला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात सॅन मिगेल नावाचं बेट आहे. तिथे दहा हजार वर्षांत साठलेले, खाऊन टाकलेल्या कवचांचे ढीग आहेत. पुरातत्त्वज्ञांनी त्यातली एका मोठ्या लिंपेटची कवचं थराथराने मोजली. लिंपेट म्हणजे खडकाला टोपीसारखी चिकटून बसणारी गोगलगाय. माणसांची वस्ती वाढत गेली तसा वेचलेल्या लिंपेटांचा सरासरी आकार लहान होत गेलेला दिसला. वेचणाऱ्याचा हात आधी मोठ्याकडे जातो, हे कुणालाही पटेल.

या लिंपेटच्या बाबतीत मोठं वेचण्याला वेगळाच अर्थ आहे. ही गोगलगाय नर म्हणून आयुष्य सुरू करते आणि वाढून मोठी झाली की मादी होते. मोठी वेचून नेली म्हणजे माद्याच वेचून नेल्या. खडकावर गोगलगाई भरपूर दिसतात, पण अंडी घालणाऱ्या थोड्याच उरलेल्या असतात. शंख-शिंपल्यांच्या बाबतीत नुसती संख्या फसवी असते ती अशी. कोण उरलं हे बघावं लागतं.

तरीही हाताने वेचणं म्हणजे नाश, असा निष्कर्ष काढायची घाई नको. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाची प्रचंड खाडी आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी खाल्लेल्या कालवांच्या कवचांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे साडेतीन हजार वर्षं हे लोक कालवं काढत होते आणि एवढ्या काळात कालवांचा आकार मोठ्या प्रमाणात घटला नाही. त्यामागचं एक कारण साधं होतं. ते उथळ पाण्यातली कालवं हाताने काढत. खोल पाण्यातल्या कालवांच्या राशींना कुणाचा हात पोहोचत नव्हता. तिथे बी सुरक्षित राहत होतं आणि दर हंगामात उथळ पाण्याकडे पसरत होतं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी तर याही पुढे गेले. मोठ्या सुकतीला पाणी जिथपर्यंत उतरतं त्या रेषेवर त्यांनी दगड रचून बुटके बांध घातले. बांधाच्या आत वाळू-गाळ साचून सपाट पट्टा तयार होई आणि शिंपल्यांना हवी तशी जागा वाढे. यातले काही बांध साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आजच्या शास्त्रज्ञांनी अशा बांधलेल्या किनाऱ्यांवर आणि शेजारच्या न बांधलेल्या किनाऱ्यांवर शिंपले मोजले तेव्हा बांधांच्या आत काही जातींची संख्या दुपटी-चौपटीने जास्त निघाली. माणूस किनाऱ्याला काही देऊही शकतो, याची नोंद खतावणीत अशी आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि किनाऱ्यावर अवलंबून असणाऱ्या माणसांनीच ती केली.

राशी उपसल्या तेव्हा

चेसापीकमध्ये बदल झाला तो एकोणिसाव्या शतकात. दाते असलेले लोखंडी पिंजरे जहाजामागे ओढून खोल पाण्यातल्या राशी उपसायला सुरुवात झाली. त्याच सुमारास आगगाडी आणि डबाबंद अन्नाचे कारखाने आले, त्यामुळे खाडीकाठचं कालव हजार मैलांवरच्या शहरात विकलं जाऊ लागलं. १८८०च्या दशकात उत्पादन शिगेला पोहोचलं आणि त्यानंतर उतरत गेलं. आज तिथे कालवांचा जो साठा आहे तो जुन्या साठ्याच्या एखाद्या टक्क्याएवढाच मानला जातो.

कालव गेलं म्हणजे एक खाद्य गेलं एवढंच नाही. कालवाचं पिलू काही दिवस पाण्यात तरंगतं आणि मग कठीण जागा शोधून कायमचं चिकटतं. त्याला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचं कवच. म्हणून कालवं एकमेकांवर वाढत जातात आणि पाण्याखाली खडकासारखी रास उभी राहते. तिच्या फटीफटींत गोगलगाई, खेकडे, किडे, माशांची पिल्लं राहतात. कालवं पाणीही गाळतात. चेसापीकमधली १८७०च्या आधीची कालवं सगळ्या खाडीचं पाणी तीन ते सहा दिवसांत गाळत असावीत, आणि आताच्या उरल्यासुरल्यांना त्यालाच जवळजवळ वर्ष लागेल, असा अंदाज १९८८ साली मांडला गेला. रास उपसली की त्यावर बसणारं पिलू, फटीत राहणारी गोगलगाय आणि स्वच्छ पाणी, तिन्ही एकदम जातात. शिंपले जाळून चुना करायची रीत जगभरच्या किनाऱ्यांवर जुनी आहे, आपल्याकडेही होती. चुन्यासाठी काढलेलं प्रत्येक रिकामं कवच हासुद्धा पुढच्या कुणाचा तरी बसायचा पाट होता.

अबालोन नावाच्या, कानाच्या आकाराच्या मोठ्या समुद्री गोगलगाईची गोष्ट याहून कडू आहे. कॅलिफोर्नियात पांढऱ्या अबालोनची पाणबुडे लावून व्यापारी पकड झाली ती मुख्यतः १९७०च्या दशकात, आणि काही वर्षांतच ती कोसळली. १९९६ साली पकडीवर बंदी आली, २००१ साली ही जात अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेली. त्या यादीत आलेला हा पहिला अपृष्ठवंशी समुद्री प्राणी. बंदी आली तरी संख्या आपोआप वाढली नाही, कारण नर आणि मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात आणि ते एकमेकांना गाठायचं तर दोघं अगदी जवळ असावी लागतात. उरलेले अबालोन विरळ झाले, एकमेकांपासून लांब पडले. चालत जाऊन जोडीदार गाठायचा हा काही त्यांचा स्वभाव नाही. जीव आहेत, पण पुढची पिढी नाही, अशी ही अवस्था.

डोंगरातून आलेलं संकट

आता खतावणीतलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं पान. लॉस एंजेलिसच्या समोरच्या समुद्रतळावर ब्रॅकिओपॉड नावाच्या जिवाची कवचं विपुल सापडतात. दिसायला तो शिंपल्यासारखाच, मात्र कूळ वेगळं. स्वच्छ, खडेदार तळावर तो स्कॅलप नावाच्या शिंपल्यांच्या जोडीने राहतो. आज त्या भागात तळावर मऊ चिखल आहे आणि ब्रॅकिओपॉड जवळजवळ दिसत नाही. गेल्या शतकात तिथे शहराचं सांडपाणी समुद्रात जात असे, तेव्हा सगळ्यांचा संशय त्याच्यावर. आदाम तोमाशोविच आणि सुझन किडवेल यांनी जवळजवळ दोनशे कवचांची वयं काढली आणि २०१७ साली निष्कर्ष मांडला. हा जीव तिथे किमान चार हजार वर्षं सुखाने नांदत होता. त्याची घसरण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथून संपला. तेव्हा शहर अजून पसरायचं होतं, सांडपाण्याचे मोठे नळ यायचे होते.

मग घडलं काय? १७६९ पासून स्पॅनिश वसाहती आल्या आणि त्यांच्याबरोबर गुराढोरांचे प्रचंड कळप आले. टेकड्यांवरचं गवत चरून संपलं, माती उघडी पडली, पावसाने वाहून समुद्रात गेली आणि खडेदार तळ गाळाखाली गेला. गाई चारणाऱ्या माणसाने ब्रॅकिओपॉड नावाचा जीव कधी पाहिला नव्हता. समुद्रतळाची शास्त्रीय पाहणी सुरू झाली ती विसाव्या शतकात. पाहणी करणाऱ्यांनी चिखल पाहिला आणि इथे पहिल्यापासून चिखलच आहे असं धरून चालले.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ साली अशा विसरण्याकडे लक्ष वेधलं होतं. प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र मानते आणि तिथून घट मोजते. आजीने पाहिलेली घट नातीच्या हिशेबात येतच नाही. मेलेल्या शिंपल्यांची स्मरणशक्ती मात्र आजीच्याही आजीपलीकडे जाते, म्हणून त्यांची साक्ष मोलाची.

डोंगरातून गाळ येतो तसं गोडं पाणीही येतं, आणि त्याचं प्रमाण बिघडलं तरी किनारा बिघडतो. कोलोराडो नदी मेक्सिकोत जिथे समुद्राला मिळते तिथे निव्वळ शिंपल्यांची बेटं आहेत. मिखाउ कोवालेव्स्की, कार्ल फ्लेसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हिशेब मांडला. गेल्या हजार वर्षांत तिथे किमान २ लाख कोटी शिंपले जगून मेले असावेत. पूर्वी दर चौरस मीटरमध्ये सरासरी पन्नासेक शिंपले असत, आता तीनच्या आसपास. १९३५ साली हूवर आणि १९६३ साली ग्लेन कॅनियन ही मोठी धरणं झाली, पाणी शेतं आणि शहरांकडे वळलं, आणि नदी समुद्रापर्यंत पोहोचणंच जवळजवळ थांबलं. तिथल्या राशींमध्ये सर्वांत जास्त असलेला म्युलिनिया नावाचा शिंपला गोड्या-खाऱ्या मिश्र पाण्यावर जगणारा. गोडं पाणी आटलं तसा तोही आटला.

याच्या अगदी उलट प्रकार आपल्या शेजारी, उत्तर कन्नडमध्ये घडला. होन्नावरला शरावती समुद्राला मिळते, आणि तिच्या उत्तरेला कुमट्याच्या बाजूला अघनाशिनी. शरावतीवर १९६४ साली लिंगनमक्की धरण झालं. वीज करून सोडलेलं गोडं पाणी वर्षभर खाडीत येत राहिलं. पूर्वी पावसाळा संपला की खाडी खारट व्हायची, तो क्रम मोडला आणि खारटपणावर जगणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांच्या जाती तिथून जवळजवळ नाहीशा झाल्या. अघनाशिनीवर धरण नाही. तिच्या खाडीत आजही शिंपल्यांच्या अनेक जाती आहेत आणि हजारो माणसं सुकतीला उतरून त्यांवर पोट भरतात. एकाच सह्याद्रीतून उतरलेल्या दोन शेजारणींच्या खाड्या बाजूबाजूला ठेवल्या की वेगळा प्रयोग करायची गरज उरत नाही. आपल्याकडेही कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीला मिळतं आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला. खाडीचा खारटपणा सह्याद्रीच्या माथ्यावर घेतलेल्या निर्णयांना बांधलेला असतो. तिथे निर्णय घेताना शिंपल्या वेचणाऱ्या बाईला विचारलं जात नाही.

जहाजाच्या रंगातलं विष

काही वेळा संकट समुद्रावरूनच येतं. जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून १९६०च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन हे द्रव्य घातलेला रंग वापरला जाऊ लागला. १९७०च्या सुमारास इंग्लंडच्या प्लिमथजवळ खडकावरच्या गोगलगाईंच्या माद्यांना नराचं इंद्रिय उगवलेलं आढळलं. पुढे कारण उलगडलं. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा एक अब्जावा भाग एवढं हे द्रव्य असलं तरी माद्यांत बदल सुरू होतो. तो वाढत गेला की अंडी बाहेर पडायचा मार्गच बुजतो, अंडी आत अडकतात आणि मादी मरते. या जातीची पिल्लं पाण्यात तरंगत दूर जात नाहीत, अंड्यातून निघून तिथेच रांगू लागतात. त्यामुळे एका खडकावरची वस्ती संपली की दुसरीकडून भर पडायला फार काळ लागतो. फ्रान्समधल्या आर्काशों खाडीत याच विषाने कालवांची कवचं वेडीवाकडी, जाड झाली, पिल्लं जगेनात आणि शेकडो कुटुंबांचा धंदा बसला. १९८२ साली फ्रान्सने लहान बोटींवर हा रंग बंद केला.

हे फक्त युरोपात घडलं असं नाही. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मुरगाव बंदराच्या परिसरातल्या एका लहान गोगलगाईच्या माद्यांत हाच बदल झाल्याचं १९९९ साली प्रसिद्ध केलं. त्या गोगलगाईचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणाचं नाव लावणारा हा जीव. जगाच्या पाठीवर कुठेतरी तयार झालेला रंग, कुठल्याशा देशाचं जहाज, आणि त्याची किंमत मोजली ती मुरगावच्या खडकावरच्या या चिमुकल्या जिवाने.

या प्रकरणाचा शेवट मात्र उभारी देणारा आहे. पुरावे साठत गेले आणि २००१ साली हा रंग बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. सप्टेंबर २००८ मध्ये तो अमलात आला. त्यानंतर अनेक देशांत गोगलगाई आपल्या जुन्या खडकांवर परतल्या. कारण नेमकं सापडलं आणि सगळ्या देशांनी मिळून ते दूर केलं, तर किनारा आपणहून सावरतो.

परके पाहुणे आणि तापलेले खडक

जहाजं रंगाबरोबर जीवही आणतात. बुडाला चिकटून किंवा तोल सांभाळायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून दूरचे शंख-शिंपले नव्या बंदरांत उतरतात. पूर्व आशियातली रापाना नावाची मांसाहारी गोगलगाय १९४०च्या दशकात काळ्या समुद्रात पोहोचली आणि तिने तिथल्या कालवांच्या राशी फस्त केल्या. आपल्याकडे कॅरिबियन बाजूचा मायटिलॉप्सिस हा शिंपला १९६०च्या दशकात विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही आला. अलीकडे दक्षिण अमेरिकेचा मायटेला नावाचा शिंपला केरळच्या खाड्यांत पसरला आहे आणि तिथल्या हिरव्या शिनाण्यांच्या जागा बळकावतो आहे. अशा वेळी वरवर पाहणाऱ्याला खाडी शिंपल्यांनी गच्च भरलेली दिसते. प्रत्यक्षात दहा जातींच्या जागी एकच उरलेली असते. मुंबईत, मंगलोरात, कोलंबोत एकाच तोंडवळ्याचे किनारे होत गेले तर जगातली विविधता घटलीच म्हणायची.

आणि आता ऊन. जून २०२१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची भयंकर लाट आली. सुकतीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर शिंपले जागच्या जागी शिजले. किनाऱ्यावरचे शंभर कोटींहून अधिक जीव मेले असावेत, असा अंदाज प्राणिशास्त्रज्ञ ख्रिस हार्ली यांनी केला. हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून समुद्र आम्लतेकडेही झुकतो आहे. उद्योगयुग सुरू झाल्यापासून पृष्ठभागाच्या पाण्याची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. चुन्याचं घर बांधणाऱ्या जिवाला याचा पहिला फटका बसतो, आणि त्यातही नुकतं कवच धरणाऱ्या पिल्लाला. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये २००७ नंतर कालवांची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रांत लक्षावधी पिल्लं मेली. तपासाअंती आत घेतलेलं समुद्राचं पाणीच नेहमीपेक्षा जास्त आम्लधर्मी निघालं.

नवी नोंद

मग आपण काय करायचं? उत्तर शोधायला परदेशी जायला नको. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाची खाडी आहे. तिथे लहान तिसऱ्यांचा निर्यातीसाठी उपसा वाढला आणि १९९१ साली तो सुमारे १०,००० टनांवर गेला. १९९३ पर्यंत तो अर्ध्यावर आला. तेव्हा मच्छीमार, शासन आणि केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था यांनी मिळून नियम केले. डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात तिसऱ्या काढायच्या नाहीत. जाळ्याचा डोळा ३० मिलिमीटरहून लहान ठेवायचा नाही. यंत्राने उपसायचं नाही. नियम टिकले, तिसऱ्या परत भरल्या, आणि २०१४ साली टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी अष्टमुडीची मासेमारी भारतातली पहिली ठरली. नंतर मायटेला शिंपल्याने तिथे नवं संकट आणलं हे खरं. पण पाटी घेऊन उतरणाऱ्यांच्या हातात नियम दिले तर ते पाळले जातात, हे अष्टमुडीने दाखवलं.

कायद्याचाही आधार आहे. मोठा ट्रायटन शंख, शिरस्त्राणासारखा शिंगशंख, नॉटिलस, महाशिंपला अशा काही जातींना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत स्थान मिळालं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले पातळ, अर्धपारदर्शक शिंपलेही संरक्षित जातींत आहेत. त्या शिंपल्याची वस्ती झुआरीच्या काठी चिखलीच्या उपसागरात आहे आणि ती वाचावी म्हणून तिथले रहिवासी झटले आहेत. शहरातही सुरुवात झाली आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या सोबत मुंबईकर सुकतीला गिरगाव-जुहूच्या किनाऱ्यावर जाऊन खडकांतले जीव ओळखायला, नोंदवायला शिकत आहेत.

पण मला सर्वांत तातडीचं वाटतं ते आणखी साधं काम. तिसऱ्या, कालवं, शिनाणे, खुबे, मुळे: किनाऱ्यावरच्या बायकांना जातींची नावं माहीत आहेत. कोणती कोणत्या नक्षत्रात भरते, कोणती कुठल्या गाळात मिळते, कोणती आजेसासूच्या काळी मिळायची आणि आता मिळत नाही, हेही त्या सांगतात. कोणत्याही शास्त्रीय पाहणीच्या आधीपासूनचं हे ज्ञान आहे आणि ते फारसं कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक खाडीकाठच्या शाळेने, महाविद्यालयाने हे लिहून घ्यावं. गावोगावी माडाच्या बुंध्याशी, जुन्या परसात, विहिरीच्या काठाशी शिंपल्यांचे ढीग पडले आहेत. त्यांत कुठल्या जाती आहेत, किती मोठ्या आहेत, हे पट्टी घेऊन मोजावं, आणि शेजारच्या खाडीत आज काय मिळतं ते त्यापुढे लिहावं. किडवेल यांनी जगभर वापरलेली दोन याद्यांची रीत हीच. तिला चाळणी, पट्टी आणि वही एवढंच लागतं.

शास्त्राच्या भाषेत ती तुलना असेल. माझ्या लेखी ते आजेसासूच्या पाटीत काय होतं आणि नातसुनेच्या पाटीत काय आहे, हे पहिल्यांदाच शेजारी शेजारी लिहिणं आहे. पुढच्या वेळी खाडीवर धरण, बंदर किंवा भराव मंजूर होताना पाटी घेऊन सुकतीला उतरणाऱ्या बाईच्या हातात ती वही असायला हवी.